सुट्टीत मुलांना घरकाम देताना या चुका टाळा

चार ते सात वर्षांच्या मुलाला मे महिन्यात काम लावावं, तर दोन दिवसांत ते टाळायला लागतं आणि लगेच 'याला गोडीच नाही' असा शेरा मिळतो. बहुतेकदा गडबड काम सांगण्यातच असते.

'खोली आवर' यातून मुलाला काहीच कळत नाही. 'खाली पडलेल्या गाड्या या टोपलीत टाक' असं सांगा, म्हणजे काम कधी संपलं हे त्यालाच दिसतं. एका वेळी 10-15 मिनिटं पुरेत, आणि निदान आठवडाभर तेच काम ठेवा. रोज नवं दिलं तर हात बसत नाही.

झाडांना पाणी घालायला भरलेली बादली नको, अर्ध्या लिटरचा तांब्या द्या. आधी मातीत पेरभर बोट घालून पाहायला लावा. ओली लागली तर त्या कुंडीला आज सुट्टी. हे न शिकवल्यास आवडतं झाड रोज पाणी पिऊन मुळाशी कुजतं.

वाळवणात तर मुलांना हमखास कावळे हाकलायलाच बसवतात, तेही भर उन्हात. त्यापेक्षा साबुदाण्याच्या पापड्या उलटायला द्या, ऊन उतरल्यावर. कडा सुटून वर आली की उलटायची. मधे ओली असताना उचलली तर तुटते. चार-पाच तुटतील, तुटू द्या. कधी उचलायची हा अंदाज मुलाचा स्वतःचा असतो, आणि चिमटीने कडा सोडवताना पुढे पेन्सिल धरायला लागणारी बोटं तयार होतात. कुरडयांच्या गरम चिकापासून मात्र मुलांना लांबच ठेवा. तो त्वचेला चिकटून भाजतो. लाल मिरच्यांची देठंही काढायला देऊ नका, तोच हात डोळ्याला जातो. चिंच फोडायला दिलीत आणि घरात रांगतं भावंड असेल, तर चिंचोके तिथल्या तिथे बरणीत गेले पाहिजेत. घशात अडकतात.

कपड्यांच्या घड्या चादरीपासून नव्हे, हातरुमालापासून सुरू करा: टोकाला टोक, मग दुमड. वाकडी घडी त्याच्यादेखत मोडून पुन्हा घातलीत, तर उद्या ते हात लावणार नाही. तशीच कपाटात ठेवा.

आणि स्वतःचं ताट उचलण्याचे पैसे देऊ नका. मग पाणी आणायलाही 'किती देणार?' सुरू होतं.