रेंजवर मॅगझिन लोडर नेताय? मग निघायच्या आधी आणि भरायच्या आधी एवढं बघून घ्या

अंगठा सोलवटला की माणूस मॅगझिन लोडर, म्हणजे पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये (गोळ्यांच्या डबीत) गोळ्या भरायचं अवजार, शोधायला लागतो, मीही तशीच लागले. सुरुवातीच्या दिवसांत पन्नास राउंड, म्हणजे अख्ख्या गोळ्या, हाताने भरायचे, चौथ्या मॅगझिनपर्यंत अंगठ्याच्या पेरावर लाल वळ उठायचा आणि मग पिस्तूल धरताना तो अंगठा नीट टेकायचाच नाही, म्हणजे जी ताकद नेम धरायला हवी ती भरण्यातच संपायची. लोडर आल्यावर हे थांबलं. पण हाताने भरताना एक गोष्ट आपोआप होत होती ती सुटली, प्रत्येक राउंडकडे लक्ष जाणं. बोटाने दाबताना राउंड अडला, तिरका बसला, आखूड लागला तर लगेच जाणवतं, लोडर मात्र द्याल ते गपकन आत ढकलतो. म्हणून माझं सगळ्यांना कळकळीचं सांगणं एकच आहे, लोडरने जो वेळ वाचतो तो राउंड बघायला वापरा. खालची सगळी तयारी त्याच हिशोबाने लिहिली आहे.

सगळ्यात आधी, घरीच, लोडर आणि मॅगझिनची जोडी जुळते का ते बघा. लोडर म्हणजे एकच वस्तू नाही. एक असतो साधा टोपीसारखा, मॅगझिनच्या तोंडावर बसवायचा आणि अंगठ्याने दाबायचा, बऱ्याच पिस्तुलांबरोबर डब्यात असाच येतो. दुसरा चोचीवाला, दांडे दाबले की चोच पुढे येते आणि वरचा राउंड खाली दाबून धरते, मॅगलुला कंपनीचा अपलुला हा त्यातला सगळ्यांना माहीत असलेला, तो नऊ एमएमपासून पॉइंट ४५ पर्यंतच्या (हे गोळ्यांचे आकार, म्हणजे कॅलिबर) बहुतेक पिस्तूल मॅगझिनना चालतो, पण युनिव्हर्सल लिहिलंय म्हणून पॉइंट २२ च्या बारीक मॅगझिनवर तो चढवू नका, त्याला लहान लोडर वेगळा मिळतो. तिसरा पॉइंट २२ चा, त्यात मॅगझिनच्या बाजूला फॉलोअरचं, म्हणजे राउंडना खालून वर ढकलणाऱ्या तुकड्याचं, बटण असतं ते खाली ओढून धरणारा. आणि रायफलचे वेगळेच, कारण रायफलच्या मॅगझिनमध्ये बहुतेक वेळा दोन रांगा तोंडापर्यंत दोनच राहतात, राउंड वरून सरळ दाबला की बसतो. पिस्तुलात मात्र दोन रांगा वर येताना एका रांगेत मिटतात, वरचा राउंड खाली दाबून नवा राउंड त्याच्यावरून मागे सरकवावा लागतो, आणि अंगठ्याचे हाल तिथेच होतात. हे दुखणं नवीन नाही, ल्यूगर पी०८ बरोबर एक छोटं पत्र्याचं अवजार यायचं, त्याने स्क्रू पण फिरवायचा आणि मॅगझिनचं बटण पण खाली ओढायचं, आणि दुसऱ्या महायुद्धातल्या स्टेन गनच्या ३२ राउंडच्या मॅगझिनला तर लोडर लागायचाच, कारण तिथेही दोन रांगांची एक होते.

मग मॅगझिन रिकामी करून एकेक हातात घ्या. वरचे दोन ओठ, म्हणजे जे राउंडला धरून ठेवतात ते, बोट फिरवून बघा, कुठे टोचतंय का, एक बाजू दुसरीपेक्षा उघडी दिसतेय का, प्लास्टिकचं असेल तर केसासारखी चीर गेलीय का. सिमेंटवर तोंडावर पडलेलं मॅगझिन बाहेरून धडधाकट दिसतं आणि पुढच्या वेळी जॅम देतं. फॉलोअर बोथट काडीने खाली दाबून सोडा, तो न अडकता वर यायला हवा, मध्येच थांबला तर आत माती, जुनी पावडर किंवा वाकलेली स्प्रिंग. बेसप्लेट, म्हणजे तळाचं झाकण, घट्ट बसलीय ना बघा. साफ करायला उघडणार असाल तर डोळ्यांवर चष्मा लावूनच उघडा आणि स्प्रिंगवर अंगठा ठेवून सावकाश सोडा, ती उडते आणि नेमकी तोंडाच्या दिशेने उडते. आत तेल घालू नका. मॅगझिन आतून कोरडं पुसायचं, तेलाला धूळ चिकटते आणि प्रायमरपर्यंत, म्हणजे राउंडच्या बुडाच्या ठिणगी देणाऱ्या टोपीपर्यंत, तेल गेलं तर राउंड दगा देऊ शकतो. आणि प्रत्येक मॅगझिनच्या तळाला पेंट मार्करने नंबर टाका, १, २, ३ एवढंच. हे इतकं साधं आहे की लोक करत नाहीत, आणि मग सहा महिने पिस्तुलाला दोष देत बसतात, खरा दोष दोन नंबरच्या मॅगझिनचा असतो.

लोडर नवीन असेल तर त्याची सवय घरी डमी राउंडवर करा. डमी म्हणजे रंगीत, लांबूनच ओळखू येणारे, आणि त्या वेळी खरा दारूगोळा त्या खोलीतसुद्धा नको, पिस्तूलही नको, फक्त मॅगझिन, लोडर आणि डमी. चोचीवाल्याची लय अशी: मॅगझिन टेबलावर उभं, लोडरची पाठ मॅगझिनच्या पाठीला, दांडे दाबा, लोडर खाली दाबा, मोकळ्या झालेल्या जागेत राउंड ठेवा, दांडे सोडा म्हणजे चोच मागे जाईल आणि राउंड ओठांखाली राहील, लोडर वर घ्या, परत दाबा. पहिले दहा राउंड गोंधळ होतो, नंतर हात आपसूक चालतो. मनगटाने जोर लावायचा नाही, टेबलावर टेकवून वरून शरीराचं वजन वापरायचं. सांधेदुखी असलेल्यांना, बारीक हातांच्या मुलींना, ज्येष्ठ नेमबाजांना यामुळे किती फरक पडतो ते मी बघितलंय, ज्यांनी सराव सोडत आणला होता ती माणसं परत शंभर राउंड आरामात मारायला लागली.

बॅग भरताना लोडर वेगळ्या कप्प्यात ठेवा, किल्ल्या आणि स्क्रूड्रायव्हरच्या ढिगात नाही, चोच तुटली की लोडर गेला. डोळ्यांचा चष्मा, कानाचे मफ किंवा प्लग, सेफ्टी फ्लॅग (पिस्तूल रिकामं आहे हे दाखवणारी पट्टी), एक कोरडं फडकं, मार्कर, ओले वाइप्स. आणि राउंड त्यांच्या मूळ डब्यातच न्यायचे. हे मी जरा जोर देऊन सांगते, कारण इथेच माझं चुकलं होतं. एकदा दोन जणांचे उरलेले राउंड एका पिशवीत सुटे टाकून नेले, सगळे नऊ एमएमच आहेत म्हणून. त्यात एक ९ बाय १७ चा होता, आमचं पिस्तूल ९ बाय १९ चं (पहिला आकडा जाडीचा, दुसरा पितळी नळीच्या लांबीचा, मिलीमीटरमध्ये). गप्पा मारत लोडरने भरत गेले आणि तोही आत गेला, मला काहीच जाणवलं नाही. फायरिंग लाइनवर स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग, अर्ध्यात अडली, कोचने मला थांबवलं, नळी टार्गेटकडेच ठेवायला सांगितली, मॅगझिन काढलं, आणि तो आखूड राउंड तिरका होऊन तोंडाशी अडकलेला. काही झालं नाही, पण चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला राउंड बसतो तिथे, जाऊन फुटला असता तर काय, हा विचार अजून येतो. दोघांच्या पूर्ण लांबीत साडेचार मिलीमीटरच्या आसपास फरक असतो, म्हणजे एकदा नीट बघितलं असतं तर दिसलाच असता. रायफलवाल्यांनी तर याहून सावध राहावं, ३०० ब्लॅकआउट आणि २२३ हे दोन वेगळे राउंड एकाच मॅगझिनमध्ये मावतात, आणि ब्लॅकआउटचा राउंड २२३ च्या चेंबरमध्ये जाऊन फुटला तर रायफल फाटते. एका वेळी बेंचवर एकच कॅलिबर, दुसरं असेल तर ते बंद डब्यात बॅगेत.

रेंजवर पोचल्यावर लगेच लोडर काढून बसू नका, आधी विचारा की इथे मॅगझिन कुठे आणि केव्हा भरायचं. प्रत्येक रेंजचं वेगळं असतं. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) २५ मीटर पिस्तूल स्पर्धेत लोडची कमांड झाल्याशिवाय भरलेलं मॅगझिन पिस्तुलात घालायचंच नाही. आयपीएससीत, म्हणजे हालचाल करत मारायच्या प्रॅक्टिकल नेमबाजीत, मॅगझिन आधीच भरून कमरेला लावता येतात, पण सेफ्टी एरियात (रिकामं पिस्तूल हाताळायच्या जागेत) दारूगोळ्याला हात लावायचा नाही, डमीलासुद्धा नाही. काही रेंजवर सीझफायरला, म्हणजे सगळ्यांचं फायरिंग थांबवलेलं असताना, मागच्या टेबलावर भरायला चालतं, काही ठिकाणी तेही नाही. रेंज ऑफिसर जे सांगेल ते शेवटचं, तिथे वाद नको. आणि भरायची जागा पिस्तुलापासून वेगळी ठेवता आली तर उत्तमच, पिस्तूल बेंचवर स्लाइड उघडी, फ्लॅग लावलेला, नळी टार्गेटकडे, आणि तुम्ही मॅगझिन भरताना फक्त मॅगझिनच भरताय.

आता खरं काम. डबा उघडा आणि एका मॅगझिनपुरते राउंड मोजून ट्रेवर किंवा फडक्यावर ओळीने उभे करा, बुलेट (राउंडचं पुढचं, उडणारं टोक) वर. सगळ्यांची उंची एका रेषेत दिसली पाहिजे, एखादा बुटका असेल तर बुलेट आत ढकलली गेलीय किंवा राउंडच वेगळा आहे, तो बाजूला. मग उलटे करून बुडं बघा, कॅलिबर कोरलेलं असतं ते एक आहे ना, प्रायमर सपाट बसलाय ना, उलटा किंवा वर आलेला तर नाही. पितळेला खोक, चीर, हिरवट डाग दिसला की तोही बाजूला. हे सगळं करायला पन्नास राउंडला दोनेक मिनिटं जातात, लोडरने त्याहून जास्त वाचवलेली असतात. आणि भरताना राउंड मुठीत घेऊन न बघता सोडू नका, एकेक उचला, बुलेट पुढे, मग आत. एकदम दहा-वीस भरणारे ट्रेवाले लोडर येतात त्यात तर उलटा राउंड सहज निघून जातो, तिथे ढकलण्याआधी ओळ दोन्ही बाजूंनी बघायचीच.

पॉइंट २२ वाल्यांसाठी थोडं वेगळं, कारण त्या राउंडला बुडाशी रिम असते, म्हणजे बाहेर आलेली कडा. वरच्या राउंडची रिम खालच्याच्या रिमच्या पुढे बसली पाहिजे, मागे गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात आणि पिस्तूल वरचा राउंड पुढे ढकलू शकत नाही. बटण ओढणारा लोडर असला की मोह होतो, पूर्ण खाली ओढा आणि राउंड सोडत जा. तसं करू नका. एका राउंडपुरतं जरासं ओढा, राउंड ठेवा, मागे टेकला का बघा, मग पुढचं. वेळ थोडा जास्त लागतो पण सीरिजच्या मधे जॅम येत नाही, आणि रॅपिड फायर स्पर्धेत पाच शॉटना आधी आठ, मग सहा, मग चार सेकंद मिळतात, त्यात जॅम सोडवत बसायला वेळच नसतो.

किती भरायचं हेही आधी ठरवून जा. स्पर्धेचा सराव असेल तर मॅगझिनमध्ये दहा मावत असले तरी पाचच, कारण २५ मीटरच्या स्पर्धेत सीरिज पाचचीच असते आणि हाताला तेवढ्याचीच सवय हवी. साधा सराव असेल तरी शेवटचा राउंड जोर करून कोंबू नका. लोडरमुळे ताकद लागत नाही म्हणून शेवटचा पण जातो, कधी कधी मावतात त्यापेक्षा एक जास्तसुद्धा घुसवायचा प्रयत्न होतो, आणि मग स्लाइड पुढे असताना मॅगझिन नीट बसत नाही, दोन शॉटनी खाली घसरतं. भरून झालं की वरचा राउंड अंगठ्याने दाबा, थोडा तरी खाली जायला हवा, अजिबात हलत नसेल तर एक काढा. नवीन मॅगझिनची स्प्रिंग कडक असते, तिथे मी सुरुवातीला एक कमीच भरते. मग मॅगझिनची पाठ तळहातावर दोनदा हलकेच आपटा म्हणजे सगळे राउंड मागे टेकतील, आणि बाजूने बघा, वरच्या राउंडचं नाक खाली झुकलेलं नको.

सगळी मॅगझिन एकदम भरून ठेवायची की दोन-दोन, यावर लोकांची मतं वेगळी आहेत. मला दोन-दोन बरं वाटतं, मधल्या वेळात डोळ्यांना आणि खांद्यांना विश्रांती मिळते आणि टार्गेटवर काय झालं याचा विचार होतो. कोच बरोबर असतील तर लोडर त्यांच्याकडे द्या आणि मधेच एखादा डमी टाकून भरायला सांगा, तुम्हाला न कळता. ट्रिगर दाबताना तुम्ही झटका अपेक्षून हात खाली मारताय का ते डमीवर एका क्षणात दिसतं.

भरताना लोडर अडला तर जोर लावू नका. काढा, राउंड तिरका आहे का, चोच मॅगझिनच्या मधोमध आहे का बघा, परत लावा. तिसऱ्यांदा पण अडला तर ते मॅगझिन बाजूला, नंबर लक्षात ठेवा. हातोडीसारखं ठोकणं, दुसऱ्या अवजाराने राउंड ढकलणं, बुलेटवर जोर देणं, यातलं काहीच नको.

भरताना खाणं-पिणं नाही, तोंडाला हात नाही. बुलेटमध्ये शिसं असतं, बऱ्याच प्रायमरमध्येही असतं, ते बोटांवर येतं, आणि साध्या शिशाच्या पॉइंट २२ मध्ये तर बोटं काळी झालेली दिसतातच. वाइप्सने तात्पुरतं चालतं, पण जेवायच्या आधी साबणाने हात, मनगटं आणि चेहरा धुवायचा. लोडरही त्याच शिशात बुडालेला असतो हे लोक विसरतात, तोही पुसायचा, आणि तो लहान मुलांच्या हाती लागेल असा ठेवायचा नाही.

निघताना प्रत्येक मॅगझिन हातात घेऊन फॉलोअर बोटाने दाबून रिकामं असल्याची खात्री करायची, नुसतं बघून नाही. उरलेले राउंड मोजून मूळ डब्यात, बाजूला काढलेले संशयास्पद राउंड खिशात नाही, कचऱ्यात तर नाहीच, रेंज ऑफिसरच्या हातात द्यायचे. मग मार्कर काढून, ज्या मॅगझिनने त्रास दिला त्याच्या नंबरपुढे एक ठिपका. तीन ठिपके झाले की ते मॅगझिन सरावातून बाहेर, आधी स्प्रिंग बदलून बघायची.