खान्देशच्या हवेत बॉल पायथनची पेटी : उष्णता आणि ओलावा कसा सांभाळावा

पाळीव सापाच्या पेटीविषयी जे मार्गदर्शन सहज वाचायला मिळते, ते बहुतेक थंड प्रदेशांतल्या लोकांनी लिहिलेले असते आणि त्यात सगळा भर पेटी गरम कशी ठेवावी यावर असतो. जळगाव, भुसावळ, धुळे या भागात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, स्लॅबखालची खोली मध्यरात्रीपर्यंत धग ओकत राहते आणि दुपारच्या हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उतरते. येथे प्रश्न उलटा आहे. थंडीने साप सुस्तावतो आणि खाणे सोडतो, परंतु पेटी तापली तर तो काही तासांतच दगावू शकतो.

आधी कायद्याचे सांगतो. धामण, मांडूळ, नाग किंवा आपल्याकडचा अजगर घरात ठेवणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. असा साप घरात निघाला तर सर्पमित्राला किंवा वन विभागाला बोलवावे. बॉल पायथन ही आफ्रिकेतल्या अजगराची जात साइट्स या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येते, म्हणून २०२४ च्या नियमांनुसार तिची केंद्र सरकारच्या परिवेश या ऑनलाइन पोर्टलवर नोंदणी करावी लागते. पुढचे सारे विवेचन याच जातीविषयी आहे.

पेटीची एक बाजू ३१ ते ३२ अंशांवर आणि दुसरी २५ ते २७ अंशांवर असावी, म्हणजे साप आपल्या गरजेनुसार जागा बदलतो. आर्द्रता ५५ ते ६५ टक्के आणि कात टाकण्याच्या दिवसांत ७० पर्यंत पुरते. ३५ अंशांच्या वर त्याला फार वेळ राहू देऊ नये.

उष्णता आणि ओलावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे मानून बरेच जण फसतात. हवा तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता वाढते. म्हणून २५ अंशांना ६० टक्के आर्द्रता असलेली हवा, पाण्याचा एक थेंबही न घटता, ३२ अंशांना जेमतेम ४० टक्के दाखवते. पेटीच्या दोन टोकांना दोन वेगळे आकडे दिसले तर यंत्र बिघडले असे समजू नये. म्हणूनच दोन डिजिटल आर्द्रतामापक घ्यावेत आणि ते झाकणाजवळ न लावता सापाच्या पाठीच्या उंचीवर लावावेत. उष्णता देणारे प्रत्येक साधन थर्मोस्टॅटला, म्हणजे ठरवलेले तापमान गाठले की वीज तोडणाऱ्या यंत्राला, जोडलेले असावे. हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी चटई, पेटीच्या तळाचा सुमारे एक तृतीयांश भाग व्यापेल एवढीच असावी आणि थर्मोस्टॅटचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारे टोक, मॅटवर पक्का चिकटवलेला असावा, कारण तो सुटून थंड कोपऱ्यात पडला तर मॅट बंदच होत नाही. मात्र थर्मोस्टॅट फक्त तापवणे थांबवतो. थंड करणे त्याच्या हातात नाही.

ते काम खोलीला करावे लागते. पेटी पश्चिमेच्या भिंतीला किंवा वरच्या मजल्यावर ठेवू नये. गावाकडे धाब्याचे घर असेल तर त्याच्या जाड मातीच्या भिंतींमधली मधली खोली सर्वांत उत्तम. आपला पाण्याचा कूलर येथे दुहेरी कामाचा ठरतो, कारण कोरड्या हवेत तो खोली गारही करतो आणि ओलावाही देतो. त्याचा झोत तेवढा थेट पेटीवर येऊ देऊ नये. एसी लावला तर हवा आणखी कोरडी होते हे लक्षात ठेवून पाण्याचे भांडे मोठे ठेवावे. फुटलेल्या माठाचा घुमटासारखा तुकडा कडा घासून, तासभर पाण्यात भिजवून गार बाजूला पालथा घातला, तर तो हळूहळू पाझरत आतली हवा गार ठेवतो. माझ्याकडचा साप मेच्या दुपारी त्याखालून क्वचितच बाहेर येतो. फार तापले तर बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून पेटीच्या बाहेरून गार बाजूला टेकवावी. तापलेल्या बंद पेटीत पाणी फवारणे मात्र टाळावे, कारण आत वाफ कोंडते.

पावसाळा लागला की ही सगळी शिस्त बदलावी लागते आणि येथेच माझ्याकडून चूक झाली होती. मेमधली दोन वेळा फवारण्याची सवय मी जुलैतही चालू ठेवली, पेटीत अंथरलेला नारळाच्या काथ्याचा भुसा, म्हणजे कोकोपीट, तळापर्यंत भिजून राहिले आणि सापाच्या पोटाच्या खवल्यांवर तांबूस-तपकिरी डाग उठले. पशुवैद्यकाच्या उपचारांनी ते बरे झाले, पण दोन कातींपर्यंत खुणा राहिल्या. तेव्हापासून मी कोकोपीट मुठीत दाबून पाहतो : गोळा बनावा, पण बोटांमधून पाणी येऊ नये. पावसाळ्यात झाकणाची जाळी मोकळी ठेवावी. तोंडाशी बुडबुडे किंवा श्वासाला शिट्टीसारखा आवाज आला तर वाट न पाहता पशुवैद्यकाकडे न्यावे.

हिवाळ्यात रात्री पारा १० अंशांच्या खाली उतरतो. तेव्हा काचेच्या तीन बाजूंना बाहेरून थर्मोकोल लावावे आणि वीज जाण्याचा विचार करून थर्मोस्टॅट इन्व्हर्टरवर घ्यावा.

सगळे जमले की नाही हे कात सांगते. डोळे निळसर-दुधी झाले की ओल्या शेवाळाची झाकणबंद डबी, एका बाजूला भोक पाडून, आत ठेवावी. चांगली कात मोज्यासारखी उलटी होऊन अखंड निघते. ती उजेडात धरून डोळ्यांच्या दोन गोल चकत्या आणि शेपटीचे टोक त्यात आहे का ते पाहावे. शेपटीवर कातीचे कडे राहिले तर रक्तपुरवठा अडतो, म्हणून कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या टॉवेलमध्ये सापाला अर्धा तास ठेवावे आणि मग ते कडे हलक्या हाताने सोडवावे. डोळ्यावरचा पापुद्रा मात्र चिमट्याने कधीही ओढू नये; पुढच्या कातीपर्यंत ओलावा सांभाळावा आणि तेव्हाही तो सुटला नाही तर सापांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यकाकडे जावे.