पीडीएफमध्ये फोटो घालताय? या चुका टाळा

इंदूरच्या छापखान्यांसाठी पीडीएफ तयार करणारे प्रोग्राम मी बरीच वर्षं लिहितोय. लग्नपत्रिका, गणेशोत्सवाच्या स्मरणिका, मंडळांचे दिवाळी अंक. हाताखाली नवी मुलं येतात, हुशार असतात, आणि तरी प्रत्येक जण त्याच ठिकाणी ठेचकाळतो. कारण एकच: फाइल उघडून न बघता तिचे रंग ठरवून मोकळं होणं. जेपेग दिसली की डिव्हाइसआरजीबी (पडद्यावरचे लाल-हिरवा-निळा रंग) लिहायचं आणि पुढे जायचं. इतकी घाई कशाची असते, मला कळत नाही.

उलटी सीएमवायके

ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे. फोटोशॉपमधून निघालेल्या सीएमवायके (छपाईच्या निळसर, गुलाबी, पिवळी आणि काळी या चार शाया) जेपेगमध्ये शाईचे आकडे उलटे साठवलेले असतात: ० म्हणजे पूर्ण शाई, २५५ म्हणजे कोरा कागद. अशी फाइल डीसीटीडीकोड (आतला डेटा जेपेग आहे ही खूण) लावून जशीच्या तशी पीडीएफमध्ये ठेवली, तर सोबत आकडे उलटवून वाचायला सांगणारं डीकोड [१ ० १ ० १ ० १ ०] लिहावंच लागतं. नाहीतर फोटोची निगेटिव्ह होते.

एवढं बहुतेकांना नेटवर सापडतं. घोटाळा त्यानंतर होतो. एका मंडळाच्या स्मरणिकेत स्टुडिओतून आलेले तीन फोटो सीएमवायके होते. आमच्या मुलाने ती डीकोडची ओळ कुठूनतरी उचलली आणि अट घातली: सीएमवायके दिसलं की उलटव. तिन्ही फोटो सरळ झाले, प्रूफ मंजूर झालं. त्या रात्री फाइल जड होतेय म्हणून त्याने दिवंगत अध्यक्षांचा फोटो पायथॉनच्या पिलो या चित्रांच्या लायब्ररीमध्ये उघडला, लहान केला आणि जेपेग न करता फ्लेटने (झिपसारखं, काही न गमावता) दाबून पीडीएफमध्ये टाकला. पिलो अशी जेपेग उघडतानाच आकडे सरळ करून देतं. म्हणजे फोटो आधीच सरळ झालेला, त्यावर आमच्या डीकोडने तो पुन्हा उलटवला. पुन्हा प्रूफ कोणी काढलं नाही.

सकाळी राजवाड्यामागच्या छापखान्यातून फोन आला, "भिया, जल्दी आओ, फोटो पूरा काला आ रिया है।" जाऊन बघतो तर पांढरी टोपी काळी, चेहरा काळा ठिक्कर, मिशा पांढुरक्या. कोऱ्या पार्श्वभूमीवर चारही शाया शंभर टक्के बसलेल्या, म्हणजे एकूण ४०० टक्के. चांगल्या आर्ट पेपरवरही साधारण ३०० ते ३५०च्या पुढे कोणी जात नाही. शाई वाळेना, वरच्या कागदाच्या पाठीला चिकटली, गठ्ठाच्या गठ्ठा वाया गेला. अध्यक्षांचे चिरंजीव दुपारी अंक बघायला येणार होते. त्यांच्या वडिलांचा तसा फोटो त्यांच्या हातात जाऊ शकला असता, हे आठवलं की मला आजही अस्वस्थ व्हायला होतं.

तेव्हापासून माझा नियम: डीकोड रंगाच्या नावावर ठरत नाही, बाइट कुठून आले त्यावर ठरतो. मूळ जेपेग न उघडता ठेवतोय? मग तिचे मार्कर, म्हणजे फाइलमधल्या खुणेच्या नोंदी, वाचतो. एफएफईई या मार्करमध्ये अ‍ॅडोबी हा शब्द असला आणि रंगांचे घटक चार असले, की डीकोड लावतो. लायब्ररीने उघडून दिलेले पिक्सेल असतील, तर लावत नाही. आणि फोटो बदलला की प्रूफ नव्याने, मग रात्रीचे बारा वाजलेले असोत.

"सगळं आरजीबी करून टाकू"

कटकट नको म्हणून मुलं हा रस्ता धरतात. मला तो मान्य नाही. पिलोचं साधं कन्व्हर्ट आयसीसी प्रोफाइलकडे (कुठला आकडा म्हणजे नेमका कुठला रंग, ही माहिती) बघतही नाही, नुसतं साधं गणित करतं. रंग भडक होतात. करायचंच असेल तर पिलोचंच इमेजसीएमएस वापरून, दोन्ही बाजूंचे प्रोफाइल देऊन करा.

त्याहून मोठं नुकसान काळ्या अक्षरांचं. पत्रिकेवरचं हाताने काढलेलं "श्री गणेशाय नमः" फक्त काळ्या शाईत हवं असतं. ते आरजीबी केलंत, की छपाईच्या वेळी तो काळा चार शायांमध्ये वाटला जाऊ शकतो. प्लेट केसभर जरी सरकली, तरी वेलांटीच्या कडेला एकीकडे गुलाबी आणि दुसरीकडे निळसर रेघ दिसते. भिंगातून बघा, नाहीतर साध्या डोळ्यांनीही चालेल. काळं रेखाटन मी नेहमी डिव्हाइसग्रे (फक्त काळ्या-करड्या छटा) म्हणूनच ठेवतो.

बाकीच्या, थोडक्यात

चार चॅनेल म्हणजे सीएमवायके नव्हे. पारदर्शक पीएनजीतही चार असतात. त्यातला अल्फा, म्हणजे पारदर्शकतेचा चॅनेल, वेगळा काढून डिव्हाइसग्रेच्या एसमास्कमध्ये (पीडीएफमधला पारदर्शकतेचा मुखवटा) ठेवा.

इंडेक्स्ड रंगांत (०पासून क्रमांक दिलेली रंगांची यादी) शेवटचा आकडा रंगांची संख्या नसतो, सगळ्यात मोठा क्रमांक असतो. २५६ रंगांना २५५.

पीएनजीचा दाबलेला डेटा थेट घालताना प्रेडिक्टर १५ (पीएनजीने ओळींवर केलेली प्रक्रिया उलगडायची सूचना) सोबत कलर्स (रंगांचे घटक) आणि कॉलम्स (रुंदीचे पिक्सेल) हेही लिहा. न लिहिल्यास दोन्ही १ धरले जातात आणि चित्राचा चिवडा होतो. इंटरलेस्ड (टप्प्याटप्प्याने उमटणारी) पीएनजी अशी थेट जातच नाही.

आयसीसीबेस्डमधला (प्रोफाइल जोडलेले रंग) एन, म्हणजे घटकांची संख्या, चित्राशी जुळलाच पाहिजे: ग्रे १, आरजीबी ३, सीएमवायके ४. आणि प्रोफाइल एकदाच ठेवून सगळ्या फोटोंतून त्याचाच संदर्भ द्या. चाळीस फोटोंना चाळीस प्रोफाइल जोडलेली पीडीएफ मी पाहिली आहे.

पीडीएफ/एक्स-१ए (छपाईसाठीचं पीडीएफचं मानक) मागितलं असेल तर आरजीबी चालणारच नाही. छापखान्याला आधी विचारा.

पाठवण्याआधी मी पॉपलर या पीडीएफच्या साधनांच्या संचातलं पीडीएफइमेजेस लिस्टच्या पर्यायासह चालवतो. प्रत्येक फोटोसमोर रंग, घटक आणि बिट दिसतात. आणि एक फोल्डर जपून ठेवलंय: ग्रे, आरजीबी, इंडेक्स्ड, अल्फासह पीएनजी, सरळ आणि उलटी सीएमवायके, ग्रे सोडून प्रत्येकाच्या डाव्या कोपऱ्यात लाल चौकोन. प्रोग्राममध्ये काहीही बदललं की ही सगळी चित्रं एका पानावर घालतो. लालचा निळा झाला तर आरजीबीचा क्रम उलटलाय. काळा झाला तर सीएमवायके. नव्या मुलाला पहिल्या दिवशी मी हेच फोल्डर देतो.