ट्रान्सफॉर्मर जळला नव्हता

एकादशीच्या आदल्या दिवशी आमच्या भजनी मंडळाचा जुना अ‍ॅम्प्लिफायर मुका झाला. बाहेरचा फ्यूज शाबूत होता. प्लग काढला, कपॅसिटर डिस्चार्ज करून मल्टिमीटर लावला. १२-०-१२ (मधल्या तारेच्या दोन्ही बाजूंना १२-१२ व्होल्ट देणाऱ्या) ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी, म्हणजे कमी व्होल्टची बाजू ठीक; २३० व्होल्ट घेणारी प्रायमरी मात्र ओपन, म्हणजे कुठेतरी तुटलेली.

खरं तर ही दोन वाइंडिंग, म्हणजे तारेची वेटोळी, एकमेकींना जोडलेलीच नसतात. प्रायमरीला बारीक तारेचे वेढे जास्त, सेकंडरीला जाड तारेचे कमी. त्याच प्रमाणात २३० व्होल्टचे १२ होतात. मधल्या पातळ पत्र्यांच्या गाभ्यात सतत बदलणारं चुंबकीय क्षेत्रच वीज पलीकडे पोचवतं.

पिवळी टेप उलगडली, तर प्रायमरीच्या तारेत १३० अंशांचा थर्मल फ्यूज, म्हणजे तेवढं तापल्यावर कायमचा तुटणारा. तोच गेला होता! पण कारण न शोधता बदलला असता तर पुन्हा गेलाच असता. वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या दोन डायोडपैकी एक शॉर्ट निघाला, म्हणजे दोन्हीकडून वीज सोडत होता; त्यानेच ट्रान्सफॉर्मर तापवला होता.

बुधवार पेठेतून त्याच रेटिंगचा फ्यूज आणि तीन अँपिअरचे डायोड आणले. सोल्डर करताना फ्यूजची तार पक्कडीत धरली, नाहीतर त्या उष्णतेनेच तो उडतो. उष्णता सोसणारी टेप पुन्हा गुंडाळली. आधी ६० वॉटचा बल्ब सिरीजमध्ये लावून चालू केला. बल्ब क्षणभर उजळला आणि मंदावला, म्हणजे आत शॉर्ट उरला नव्हता. संध्याकाळी मंडळात टाळ-मृदंग घुमले.