गाठ बोटाला लागत नाही तेव्हा : लॅपरोस्कोपिक मायोमेक्टमीत अल्ट्रासाउंड

पोट उघडून फायब्रॉइड (गर्भाशयाच्या स्नायूतली साधी गाठ) काढताना, म्हणजे मायोमेक्टमी करताना, सर्जन गर्भाशय चिमटीत धरून चाचपतो आणि भिंतीत दडलेली गाठ बोटांना कळते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत हे बोटच नसतं. त्याची जागा घेतो ट्रोकारमधून (पोटाच्या छिद्रात बसवलेल्या नळीतून) आत जाणारा अल्ट्रासाउंड प्रोब. बाहेर फुगून दिसणाऱ्या फिगो ६-७ (फिगो म्हणजे गाठीच्या जागेनुसार दिलेले नंबर) गाठींना तो लागत नाही. अस्तराला टेकलेल्या ३ आणि पूर्ण भिंतीत बसलेल्या ४ नंबरच्या गाठींसाठी मात्र तो हवाच.

प्रोब साधारण १० मिमी जाडीचा, वळत्या टोकाचा असतो. पोर्ट, म्हणजे तो आत घालायची वाट, १० किंवा १२ मिमीचा ठेवा. प्रोब ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेच्या निर्जंतुकीकरण यंत्रात) टाकू नका, कंपनीने सांगितलेल्या कमी तापमानाच्या पद्धतीनेच निर्जंतुक करा. मशीन त्याच रुग्णालयाच्या पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायदा) नोंदणीत असायला हवं. ऐनवेळी शेजारच्या सेंटरमधून उचलून आणण्याची ही वस्तू नाही.

स्कॅन व्हॅसोप्रेसिन (रक्तस्राव कमी करणारं औषध) टोचण्याआधीच उरका. इंजेक्शनने भिंत फुगते, गाठीची कड पुसट होते आणि डॉपलरवरचा (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या अल्ट्रासाउंडवरचा) गाठीभोवतीचा रक्तप्रवाह मंदावतो. नेमकी ती कडच फायब्रॉइड आणि ॲडिनोमायोमा (अस्तराच्या पेशी स्नायूत शिरून झालेली गाठ) यांतला फरक सांगते. ॲडिनोमायोमाला धड सीमा नसते आणि रक्तवाहिन्या आरपार गेलेल्या दिसतात. तो सोलून काढायला गेलात तर प्लेन, म्हणजे गाठ आणि स्नायू यांमधली सुटी पातळी, सापडत नाही, नुसतं रक्त जातं.

चित्र बिघडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे मध्ये अडकलेला कार्बन डायऑक्साइड. पडद्यावर समांतर पांढऱ्या रेघा आल्या की ओळखा. ओटीपोटात कोमट सलाईन सोडा. पण डोकं फार खाली केलेलं असेल तर ते वरच्या पोटाकडे पळतं, म्हणून स्कॅनपुरता टेबलाचा कल कमी करा. प्रोब दाबू नका, नुसता टेकवा. फंडसपासून (गर्भाशयाच्या माथ्यापासून) सर्व्हिक्सपर्यंत (मुखापर्यंत) आडवा, मग उभा फिरवा. आधी पुढची भिंत, मग मागची. मॅनिप्युलेटरची (गर्भाशय हलवण्यासाठी खालून आत घातलेल्या दांड्याची) पोकळीतली ठळक रेघ ही अस्तराची खूण. प्रत्येक गाठीचं सिरोझापासून (गर्भाशयाच्या बाहेरच्या आवरणापासून) आणि अस्तरापासूनचं अंतर मोजून घ्या. छेद कुठे घ्यायचा आणि पोकळी उघडण्याची शक्यता किती, हे त्या दोन आकड्यांवरच ठरतं. जागा ठरली की सिरोझावर बायपोलर कॉटरीने (विजेने भाजणाऱ्या उपकरणाने) ठिपका द्या.

प्रोबच्या अगदी खालचे काही मिलिमीटर नीट दिसत नाहीत. तिथली छोटी गाठ समोरच्या भिंतीवरून पाहा, किंवा प्रोब सलाईनमध्ये किंचित वर धरा. कॅल्शियम साचलेली गाठ मागे काळी सावली टाकते. त्या सावलीत दुसरी गाठ लपलेली असू शकते, तेव्हा कोन बदलून बघा. कॉटरी चालू असताना पडद्यावर बर्फ पडल्यासारखं दिसतं. तो प्रोबचा दोष नाही, पाय पेडलवरून काढा.

काही उरलं का हे पाहणारा दुसरा स्कॅन बहुतेक जण टाके संपल्यावर करतात. तोवर उशीर झालेला असतो. टाक्यांत अडकलेली हवा चमकते, साकळलेलं रक्त गाठीसारखं भासतं आणि खरोखर काही उरलं असेल तर शिवण उसवावी लागते. गाठ निघाली की मोकळ्या खड्ड्यात सलाईन भरा, बुडबुडे निघून जाऊ द्या आणि तेव्हाच कडेच्या भिंती तपासा. शेजारची गाठ त्याच छेदातून निघते, गर्भाशयावर दुसरी जखम होत नाही.

प्रोब बाहेर काढताना टोक आधी सरळ करा. वाकलेलं टोक ट्रोकारच्या कडेवर अडकतं आणि ओढलं की आवरण फाटतं. ग्रास्परने (पकडायच्या चिमट्याने) टोक धरणं तर नकोच.