कुत्रीच्या स्तनगाठींवर संशोधन करताय? या चुका टाळा

कुत्रीच्या स्तनातली गाठ कुणी टोचून वाढवलेली नसते. ती आपसूक येते, तीही रोगप्रतिकारशक्ती शाबूत असलेल्या, माणसांच्या घरात वावरणाऱ्या शरीरात. स्त्रियांच्या स्तनकर्करोगाच्या अभ्यासात तिला एवढं महत्त्व आहे ते यामुळेच. पण निष्कर्ष फसतात ते बहुतेक वेळा मोजणीत.

कुत्रीला साधारण पाच जोड्या स्तनग्रंथी असतात आणि एकाच वेळी अनेक गाठी असणं नेहमीचंच. एका ग्रंथीत साधा अॅडिनोमा (घातक नसलेली गाठ), तर शेजारच्या ग्रंथीत कार्सिनोमा (कर्करोगाची गाठ). समजा 20 कुत्र्यांच्या 45 गाठी घेतल्या आणि नमुने 45 धरले, तर पी-मूल्य (खरा फरक नसतानाही असा निकाल योगायोगाने मिळण्याची शक्यता) उगाच देखणं दिसतं. वय, जात, संप्रेरकं हे सगळं त्या गाठींना सामाईक असतं. म्हणून विश्लेषणात प्राणी हा गट धरा, किंवा दर कुत्रीमागे एकच, सर्वांत घातक गाठ घ्या. हा नियम निकाल पाहण्याआधी ठरलेला हवा.

नसबंदीचे आकडेही असेच चुकीचे वाचले जातात. नसबंदी पहिल्या माजाआधी केली तर स्तनगाठीचा धोका 0.5, पहिल्यानंतर 8, दुसऱ्यानंतर 26 टक्के, हे 1969 सालच्या अभ्यासातले आकडे. 26 टक्के कुत्र्यांना गाठ होते असा त्याचा अर्थ नाही. नसबंदी न केलेल्या कुत्रीच्या तुलनेत धोका किती उरतो, ते हा आकडा सांगतो. शिवाय 2012 च्या आढाव्यात एकंदर पुरावाच कमकुवत ठरला, तरी हे आकडे प्रस्तावनेत बिनदिक्कत येत राहतात.

सगळ्या गाठी एकाच पोत्यात भरू नका. मायोएपिथेलियल पेशींसह (ग्रंथीभोवतीच्या आकुंचन पावणाऱ्या पेशींसह) वाढणाऱ्या कॉम्प्लेक्स आणि मिश्र गाठी कुत्रीत भरपूर, स्त्रियांत विरळ. मिश्र गाठीत कूर्चा असते, कधी हाडही. मायक्रोटोमचं (ऊतीचे पातळ काप करणाऱ्या यंत्राचं) पातं करकरलं, सेक्शन म्हणजे काप फाटला, तर हाडाचा संशय घ्या. अशा वेळी तीव्र आम्लाने घाईघाईत डीकॅल्सिफाय केलं, म्हणजे त्यातलं कॅल्शियम काढलं, तर ईआरचा (इस्ट्रोजेन रिसेप्टरचा) रंग फिका पडू शकतो आणि गाठ विनाकारण ईआर-निगेटिव्ह ठरते. मऊ भाग वेगळा घ्या. नाहीच जमलं तर कॅल्शियम सावकाश काढणारं ईडीटीए हे रसायन वापरा, वेळ लागू द्या. माणसाशी तुलना साध्या, म्हणजे एकाच प्रकारच्या पेशींच्या, कार्सिनोमांचीच करा.

हर-2 (काही स्तनकर्करोगांत वाढणारं, पेशींच्या वाढीशी संबंधित प्रथिन) बाबत विशेष जपा. माणसासाठीच्या अँटिबॉडीने गडद रंग दिला म्हणून जनुकाच्या प्रती वाढल्यात असं होत नाही. तशी वाढ कुत्रीत सहसा आढळत नाही. वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून ओळखणाऱ्या चाचणीत) हर-2 च्या आकाराची, 185 किलोडाल्टनच्या आसपास पट्टी येते का, ते आधी तपासा.

माजाची तारीखही नोंदवा. गर्भ असो वा नसो, माजानंतर कुत्रीत स्तनग्रंथींवर परिणाम करणारं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक साधारण दोन महिने चढं राहतं.

राहिला जगण्याचा काळ. अनेक कुत्र्यांचा शेवट दयामरणाने होतो, आणि ते कधी द्यायचं हे मालकाची ऐपत आणि मन ठरवतं. त्यामुळे मृत्यूची तारीख हा एकमेव निकष नको. गाठ परत कधी आली, छातीच्या एक्स-रेत फुप्फुसात पसरलेली कधी दिसली, हे ठरल्या अंतराने तपासून लिहा आणि दयामरणाचं कारण वेगळ्या रकान्यात नोंदवा.