रोममधल्या चार दिवसांसाठी लांबच्या विमानप्रवासाची आखणी कशी करावी

रोमला चार दिवसांसाठी जायचं ठरलं की बहुतेक जण आधी स्वस्त तिकीट शोधतात. माझं कळकळीचं सांगणं आहे की आधी तास मोजा. दहा-बारा तासांचं उड्डाण, मधला थांबा, विमानतळावरच्या रांगा हे सगळं वजा केलं की चार दिवसांचे जेमतेम तीन उरतात.

म्हणून तिकीट काढताना उतरायची वेळ आधी बघा. मला दुपारी उतरणारं विमान सगळ्यांत सोयीचं वाटतं. पहाटे उतरलात तर हॉटेलची खोली बहुधा दुपारशिवाय हातात येत नाही, आणि रात्रभराच्या जागरणानंतर तेवढा वेळ कुठेतरी काढावा लागतो. महिना एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर निवडा. ऑगस्टमध्ये कडक ऊन असतं, शिवाय १५ ऑगस्टच्या फेरागोस्तो सणाच्या आसपास बरीच दुकानं बंद असतात.

मध्ये विमान बदलायचं असेल तर दोन्ही टप्पे एकाच बुकिंगवर घ्या, इथे पैसे वाचवू नका. पहिल्या विमानाला उशीर होऊन पुढचं चुकलं तर तुम्हाला रोमला पोहोचवणं ही कंपनीची जबाबदारी असते. तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर नव्या तिकिटाचा भुर्दंड तुम्हालाच. आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. शेंगेन म्हणजे आपसात सीमातपासणी नसलेल्या युरोपीय देशांचा गट, त्यात इटलीही येतो. शेंगेनबाहेरून येताना थांबा फ्रँकफर्ट किंवा पॅरिसला असेल, तर पासपोर्ट तपासणी तिथेच होते. १२ ऑक्टोबर २०२५ पासून बिगर-युरोपीय प्रवाशांच्या बोटांचे ठसे आणि फोटो नोंदवायला सुरुवात झाली आहे. तेव्हा मध्ये अडीच-तीन तास तरी ठेवाच.

शेंगेन व्हिसा लागत असेल तर अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उशिरात उशिरा १५ दिवस आधी तो गेलाच पाहिजे, पण तितकं थांबू नका. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा लागतो.

आता स्थळांची तिकिटं. बोर्गेझे गॅलरीत दोन-दोन तासांच्या पाळ्या असतात आणि सोमवारी ती बंद असते. व्हॅटिकन संग्रहालयं रविवारी बंद. महिन्याच्या शेवटच्या रविवारी ती उघडी असतात आणि प्रवेशही फुकट असतो, पण गर्दी इतकी की मी त्या वाटेला जाणार नाही. कलोसियमच्या तिकिटावर नाव असतं, त्यामुळे ओळखपत्र जवळ ठेवा. उतरण्याच्या दिवशी मात्र वेळ ठरलेलं एकही तिकीट काढू नका. विमानाला दोन तास उशीर झाला की ते वाया गेलंच.

औषधं, पॉवर बँक आणि कपड्यांचा एक जोड हातातल्या बॅगेत ठेवा. विमानात बसल्याबरोबर घड्याळ रोमच्या वेळेवर लावा आणि तिथे रात्र असेल तेव्हाच झोपा. दर तासा-दोन तासांनी उठून चार पावलं चाला, बसल्या जागी घोटे फिरवा, पाणी पीत राहा. पूर्वेकडे उडत असाल तर झोपेची घडी बसायला जास्त दिवस लागतात, म्हणून निघण्याआधी दोन-तीन दिवस रोज थोडं लवकर झोपायला लागा.

फ्युमिचिनो विमानतळावरून लिओनार्डो एक्सप्रेस ३२ मिनिटांत थेट टर्मिनी स्थानकावर पोहोचवते. कागदी तिकीट असेल तर गाडीत चढण्याआधी यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवून घ्या.

खोलीवर पोहोचल्यावर आंघोळ करा, पण अंथरुणाला पाठ टेकू नका. ऊन कललं की पँथिऑनपासून पियाझ्झा नव्होनापर्यंत रमतगमत जा आणि रात्री नऊपर्यंत तरी जागे राहा. सोबत रिकामी बाटली असू द्या. रोमच्या रस्त्यांवर बिडाचे जुने, खांबासारखे नळ आहेत. त्यांना ‘नासोने’ म्हणतात, म्हणजे मोठं नाक. त्यातलं पाणी पिण्याचं असतं. वाकलेल्या तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या बारीक भोकातून पाण्याची धार उसळते आणि न वाकता पिता येतं.